घरातले टेलिफोन एक्स्चेंज : प्रस्तावना

घरच्या संगणकाकडून इंटरनेटवरचे फोन आपोआप हाताळून घ्यायचे, म्हणजे घरात एक छोटे टेलिफोन एक्स्चेंज उभे करायचे. आलेला फोन कोणाचा, तो किती वाजता आला, कोणत्या खोलीत वाजवायचा, कोणी उचलला नाही तर पुढे काय करायचे, हे सगळे पूर्वी टेलिफोन खात्याच्या यंत्रात ठरत असे. ग्राहकाच्या हाती रिसीव्हर उचलणे किंवा न उचलणे एवढेच होते. मोठ्या कचेऱ्या आणि हॉटेले ईपीएबीएक्स, म्हणजे स्वतःचे खासगी एक्स्चेंज, बसवून यातला काही भाग आपल्याकडे घेत, पण ते यंत्र घराच्या ऐपतीबाहेरचे होते. आज तेच काम जुना डेस्कटॉप किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक करतो. सॉफ्टवेअर फुकट मिळते. पैसे खर्च होतात ते दोन-चार उपकरणांवर, आणि खरी मेहनत लागते ती घराचे नियम ठरवून ते क्रमवार लिहून काढायला.

ज्या सॉफ्टवेअरमुळे हे शक्य झाले त्याचे नाव अ‍ॅस्टेरिस्क. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला मार्क स्पेन्सर हा तरुण 1999 मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांना मदत देण्याचा छोटा व्यवसाय चालवत होता. ग्राहकांचे फोन वळवण्यासाठी त्याला ईपीएबीएक्स हवा होता, तो परवडेना, म्हणून त्याने स्वतःच प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. त्याच सुमारास जिम डिक्सन या अभियंत्याने टेलिफोनची तार थेट संगणकाला जोडणारे स्वस्त कार्ड तयार केले आणि त्याचा आराखडाही खुला ठेवला. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि एक्स्चेंज कारखान्यातून बाहेर पडले. काही वर्षांनी ‘अ‍ॅस्टेरिस्क अ‍ॅट होम’ नावाची तयार सीडी आली. ती संगणकात घातली की काही वेळात घरगुती एक्स्चेंज चालू होई. पुढे त्याचेच नाव ट्रिक्सबॉक्स झाले. आज हे काम फ्रीपीबीएक्स या ब्राउझरमधून चालणाऱ्या व्यवस्थेतून करता येते.

भारतीय वाचकाला या बदलाचे मोल सी-डॉट या दूरसंचार संस्थेच्या इतिहासावरून नीट कळेल. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने खेड्यांसाठी 128 पोर्टांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे ‘रॅक्स’ एक्स्चेंज बनवले. त्यातले पहिले 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले. एका गावाला पुरणारे ते यंत्र ही त्या काळी राष्ट्रीय कामगिरी होती. तेवढ्या जोडण्यांची नोंद आज पुस्तकाएवढ्या डब्यातला संगणक सहज ठेवतो आणि त्यासाठी पाच-दहा वॅट वीज खातो.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन कामे वेगवेगळी चालतात. हे एकदा ध्यानात आले की पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ सापडते. पहिले काम जुळवणीचे. कोण कोणाला बोलावतो आहे, समोरचा हजर आहे का, घंटा वाजते आहे का, फोन ठेवला का, हे निरोप सिप या नियमावलीने जातात. तिचे आजचे रूप 2002 मध्ये ठरले. दुसरे काम प्रत्यक्ष आवाज वाहून नेण्याचे. ते आरटीपी करते. सिप हा स्थळ जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. दोन्ही पक्षांची गाठ घालून तो बाजूला होतो आणि बोलणी पुढे थेट चालतात. म्हणूनच ‘रिंग वाजते, फोन उचलला जातो, पण एका बाजूचा आवाजच येत नाही’ ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी तक्रार आहे. मध्यस्थ पोहोचलेला असतो, पण आवाजाची वाट राउटरने अडवलेली असते.

आवाजाचा हिशेब सरळ आहे. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला 8000 वेळा आवाज मोजतात आणि प्रत्येक माप 8 बिटांत साठवतात, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. इंटरनेटवर हा प्रवाह 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, त्यामुळे सेकंदाला 50 पाकिटे होतात. प्रत्येकात 160 बाइट आवाज आणि त्यावर पत्त्यांचे 40 बाइट असतात. एकूण बोजा एका दिशेला 80 किलोबिट, आणि तारेवरचे वेष्टन धरले तर सुमारे 87. हैदराबादेत 2017 पासून घरापर्यंत एक गिगाबिटची जोडणी विकत मिळते, तेव्हा वेग ही अडचणच नाही. अडचण उशिराची आहे. बोलणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोहोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. त्यापलीकडे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. घरात कोणी मोठी फाइल चढवत असेल तर आवाजाची पाकिटे रांगेत अडकतात आणि उत्तम जोडणीवरही बोलणे तुटक होते. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

एक्स्चेंजचा जीव असतो तो डायलप्लॅन, म्हणजे फोन आल्यावर करायच्या कृतींची क्रमवार यादी. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये ती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहितात. हैदराबादच्या काचीगुडा किंवा बडी चावडीच्या भागातले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा-आजी तळमजल्यावर, मुलगा-सून वर, मुलगी डॅलसला. तळमजल्याच्या फोनला 101, वरच्याला 102, मुलीच्या मोबाइलमधल्या लिनफोन या सॉफ्टफोन अ‍ॅपला 103 असे क्रमांक दिले. आता नियम. 103 वरून फोन आला की 101 आणि 102 एकदम वाजवायचे, 20 सेकंदांत कोणी उचलला नाही तर निरोप नोंदवायचा. रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात तळमजला वाजवायचा नाही, फक्त 102. डॅलसची संध्याकाळ ही हैदराबादची पहाट असते, हे मुलीला ठाऊक असले तरी घाईत विसरते. संगणक विसरत नाही. तातडीचे असेल तर तिने 1 दाबावे, मग सगळे फोन वाजतील. एवढे सगळे दहा-बारा ओळींत बसते. पहिली ओळ वेळ तपासते, दुसरी डायल करते, तिसरी निकाल पाहते : उचलला, उचलला नाही, लाइन व्यस्त आहे, किंवा फोन जोडलेलाच नाही. या चार निकालांपैकी प्रत्येकासाठी पुढची ओळ लिहिलेली असावी लागते. नवशिक्या माणूस पहिल्या निकालापुरते लिहून थांबतो आणि उरलेल्या तिन्ही वेळा फोन मुकाट तुटतो.

यंत्र बोलणार कोणत्या भाषेत, हा प्रश्न हैदराबादेत टाळता येत नाही. घरचे मराठी बोलतात, इस्त्रीवाला आणि गॅसवाला तेलुगू, सोसायटीचा चौकीदार दखनी. अ‍ॅस्टेरिस्कबरोबर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांतले ध्वनिसंच येतात. मराठीचा संच घरीच ध्वनिमुद्रित करावा लागतो. फायली 8 किलोहर्ट्झ, 16 बिट, एकाच वाहिनीच्या असाव्यात. पंखा बंद करून, कपाटासमोर किंवा पडद्यांच्या खोलीत, एकाच बैठकीत एकाच आवाजात नोंदवलेल्या असाव्यात. वाक्ये नोंदवणे सोपे आहे, कस लागतो आकड्यांचा. इंग्रजीत ‘फॉर्टी’ आणि ‘नाइन’ या दोन फायली जोडल्या की 49 तयार होतो. तेलुगूतही एकवीसपासून पुढे दशक आणि एकक जोडून म्हणतात, त्यामुळे एक ते वीस आणि तीस ते नव्वदपर्यंतची दशके मिळून 27 फायलींत नव्व्याण्णवपर्यंतचे काम भागते. मराठीत एकोणपन्नास, त्रेपन्न, सत्त्याहत्तर हे प्रत्येक स्वतंत्र. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत 100 फायली, शिवाय शंभर, शे, हजार, लाख, कोटी. मूळ प्रोग्राम हजारानंतर मिलियनकडे उडी मारतो, म्हणून लाखाचा नियम स्वतः लिहायचा. वेळ सांगण्याची तर वेगळीच घडण आहे. निरोप साडेसहाला आला असेल तर ‘साडे’ आणि ‘सहा’ जोडता येतात, पण दीड आणि अडीच यांना हा नियम लागू नाही. सव्वा आणि पावणे यांतही पावणेसाठी पुढचा तास घ्यावा लागतो. ‘सहा वाजून तीस मिनिटे’ असे म्हणूनही भागेल. पण आजीला फोनमधून ‘साडेसहा’ ऐकू यावे यासाठी एक दुपार खर्च करणे अगदी योग्य आहे. जे यंत्र घरच्यासारखे बोलत नाही, त्याला घरातली वडीलधारी माणसे उत्तरच देत नाहीत.

आवाजाच्या जोरावर आणि याच सॉफ्टवेअरवर उभी राहिलेली मोठी भारतीय व्यवस्था म्हणजे सीजीनेट स्वर. 2010 मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी, बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातले बिल थीस यांच्या साथीने, मध्य भारतातल्या आदिवासी भागांसाठी ती सुरू केली. माणूस एका क्रमांकावर मिस्ड कॉल देतो, संगणक त्याला उलट फोन करतो, निरोप नोंदवायचा की ऐकायचा ते विचारतो. रेशन मिळत नाही, हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, अशा बातम्या लोकांनी स्वतःच्या आवाजात, गोंडीतही दिल्या. गोंडी गडचिरोलीतही बोलली जाते आणि तेलंगणातल्या आदिलाबादेतही. तिच्यात छापील वर्तमानपत्र जवळजवळ नाहीच. त्या सेवेच्या गाभ्याशी अ‍ॅस्टेरिस्क आहे. बाजारभाव बोलून विचारता यावा म्हणून सहा भारतीय भाषांत संशोधनाचा जो प्रकल्प झाला, त्यात तेलुगूचे काम हैदराबादच्या ट्रिपल आयटीने केले आणि मराठीसाठी मुंबईच्या टीआयएफआरमधल्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज टेलिफोनवरून गोळा केले. घरातला छोटा संगणक जे करतो ते याच कुळातले आहे. आकार लहान असला तरी रीत तीच.

घरात लँडलाइन असेल तर ती एक्स्चेंजला जोडण्याचा मोह होतोच. त्यासाठी एफएक्सओ पोर्ट असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो. तो कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये विचारल्यास मिळू शकतो. एफएक्सएस पोर्ट वेगळा असतो, त्याला टेलिफोनचे यंत्र जोडतात. दोन्हींचे भोक एकसारखे दिसते आणि खरेदीत सर्वाधिक फसगत इथेच होते. फायबरची जोडणी असल्यास कंपनीच्या डब्यामागे टेलिफोनची जी खाच असते, तिथून तार एफएक्सओला नेतात.

यापुढचा भाग भारतात राहणाऱ्याने लक्ष देऊन वाचावा, कारण परदेशी पुस्तिका तो सांगत नाहीत. फोन कोणाचा आहे ही माहिती अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधे मोडेमच्या सुरांत येते. भारतात ती बहुतेक ठिकाणी पहिली घंटा वाजण्याआधीच येते, तीही बटणे दाबल्यावर जे दुहेरी सूर उमटतात त्या डीटीएमएफच्या रूपात. अ‍ॅडॅप्टर अमेरिकी पद्धतीवर ठेवला तर तो माहिती येऊन गेल्यावर कान टवकारतो आणि प्रत्येक फोन ‘अनोळखी’ म्हणून नोंदवतो. मग नावानुसार फोन वळवण्याचे सगळे नियम निकामी होतात. अ‍ॅस्टेरिस्कच्या लेखकांनी भारतासाठी वेगळा पर्यायच ठेवला आहे : ‘पोलॅरिटी’पुढे खालची रेघ आणि देशाची दोन अक्षरे, आयएन. संगणकात टेलिफोनचे कार्ड वापरणाऱ्याने तो निवडायचा. अ‍ॅडॅप्टर वापरणाऱ्याने त्याच्या यादीतली डीटीएमएफची पद्धत शोधायची.

तसेच सुरांचे. जुन्या तारेवर समोरच्याने फोन ठेवला हे सांगणारी खास खूण बहुधा नसते. फक्त एंगेज टोन सुरू होतो. संगणकाला तो ऐकून ओळखावा लागतो. भारताचा एंगेज टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. अमेरिकेचा दोन सुरांचा आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा. ठेवण चुकली की संगणक लाइन सोडत नाही आणि निरोपांच्या पेटीत कितीतरी मिनिटांचा तोच आवाज साठून राहतो. म्हणून बिझीपॅटर्नच्या जागी 750,750 लिहायचे आणि देश म्हणून भारत निवडायचा. देश निवडला की फोन करणाऱ्यालाही ओळखीची घंटा ऐकू येते : 0.4 सेकंद वाजते, 0.2 थांबते, पुन्हा 0.4 वाजते आणि मग दोन सेकंद शांत.

बाहेरगावच्या फोनला घरच्या संगणकापर्यंत पोहोचवणे हे यानंतरचे कोडे. शहरातल्या पुष्कळ जोडण्यांत कंपनी शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल तर आपले घर अशा सामायिक पत्त्यामागे आहे असे समजावे. मग राउटरमध्ये कितीही दारे, म्हणजे पोर्ट, उघडली तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. उपाय तीन : जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घेणे, दोन्ही बाजूंना आयपीव्ही-6 असेल तर त्यावरून जोडणे, किंवा बाहेर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन घर आणि मोबाइल दोन्ही वायरगार्डच्या बोगद्याने त्याला जोडणे. तिसरा उपाय सर्वांत चांगला. त्यात एक्स्चेंजचे दार जगाला दिसतच नाही.

ते दिसू नये हेच बरे. 5060 या दारावर उघडे ठेवलेले एक्स्चेंज शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड चालू असतात. 101 क्रमांक आणि 101 हाच पासवर्ड अशी जोडी ते सर्वांत आधी वापरून पाहतात. आत शिरले की महागड्या परदेशी क्रमांकांना फोन लावून बिल मालकाच्या माथी मारतात. लांब पासवर्ड, फेल-टू-बॅनसारखा पहारेकरी आणि परदेशी फोनला मुळातच मनाई, एवढे तरी हवेच.

कायद्याची रेषा याहून महत्त्वाची आहे. भारतात 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण मर्यादित : संगणकावरून संगणकाला, आणि भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनला. देशातल्या सामान्य टेलिफोन जाळ्याशी जोडणे बंद होते. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर 2017 मध्ये शिफारशी केल्या, जून 2018 मध्ये परवान्यांत बदल झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही अ‍ॅपवरून कोणत्याही फोनला लावता येणारी सेवा जाहीर केली. म्हणजे इंटरनेट आणि टेलिफोन यांची गाठ मारण्याचा अधिकार परवानाधारक कंपन्यांचा आहे. डॅलसहून इंटरनेटवर आलेला मुलीचा फोन घरातल्या 101 वर वाजवणे हा घराचा मामला. तोच फोन घरच्या लँडलाइनवरून किंवा सिमकार्डावरून पुढे नांदेडच्या मामांकडे ढकलणे हा टोल बायपास, आणि तो गुन्हा आहे. अशीच गाठ धंद्यासाठी मारणारी, सिमकार्डांच्या पेट्या भरलेली बेकायदा एक्स्चेंज हैदराबादेत पोलिसांनी अनेकदा पकडली आहेत. तांत्रिकदृष्ट्या हे एका ओळीचे काम आहे, म्हणूनच डायलप्लॅनमध्ये इंटरनेटकडून येणारे आणि लँडलाइनकडे जाणारे संदर्भ, म्हणजे नियमांचे गट, पहिल्यापासून वेगळे लिहावेत. त्यांच्यात एकमेकांकडे जाणारी ओळ असू नये. घाऊक फोन लावण्याचेही तसेच. नात्यातल्या चार जणांना हळदीकुंकवाचा निरोप संगणकाने दिला तर हरकत नाही, पण जाहिरातीचे फोन 2018 च्या ट्राय नियमांखाली येतात आणि त्यासाठी नोंदणी व संमती लागते.

ध्वनिमुद्रणाबाबत तर अधिक जपावे. प्रत्येक संभाषण नोंदवून ठेवणारी आज्ञा एकच आहे, ती घातली की कोणाला कळतही नाही. 2007 मध्ये हैदराबादच्याच उच्च न्यायालयापुढे पतीने पत्नीची टेलिफोनवरची बोलणी नोंदवल्याचे प्रकरण आले. नवरा असला तरी बायकोच्या खासगीपणावर असे आक्रमण करता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नींमधल्या खटल्यात अशी ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून मांडता येतात असे ठरवले. पण कोर्टात काय चालेल हा एक प्रश्न आणि घरातल्या माणसांना न सांगता त्यांचे बोलणे साठवावे का हा दुसरा. एक्स्चेंज ज्याच्या हाती त्याला सुनेचे माहेरशी चाललेले बोलणेही ऐकता येते. ही सत्ता पूर्वी घरात कोणाकडेच नव्हती. त्यामुळे नोंद करायची असेल तर ती घरातल्या सर्वांना माहीत असावी, आणि समोरच्याला सुरुवातीलाच सांगितली जावी. कोणी कोणाला कधी फोन केला याची यादी संगणक आपणहून ठेवतो. ती किती दिवसांनी पुसायची, हेही सर्वांनी मिळून ठरवावे.

उरतो प्रश्न विजेचा. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट मिळत, त्यामुळे घरात अंधार असतानाही फोन चाले. घरगुती एक्स्चेंजला फायबरचा डबा, राउटर, संगणक आणि अ‍ॅडॅप्टर हे चारही चालू लागतात, म्हणून चारही एकाच इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्यावेत. मेमरी कार्डावर चालणारा संगणक वीज गेल्याने बिघडू शकतो, तेव्हा नियमांच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. आणीबाणीचा फोन मात्र या व्यवस्थेवर कधीच सोपवू नये. 108 ही रुग्णवाहिका सेवा 15 ऑगस्ट 2005 रोजी हैदराबादेतच सुरू झाली. तो क्रमांक आणि 112 हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाने मोबाइलवरूनच लावावेत. सॉफ्टफोनवर कोणी ते दाबलेच तर ‘हा क्रमांक मोबाइलवरून लावा’ असे सांगणारी एक फाइल मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत नोंदवून ठेवावी, आणि एक्स्चेंज घरच्यांच्या हाती देण्याआधी ती तिन्ही भाषांत वाजते याची खात्री करून घ्यावी.